हिरवे बटण

आमचे दाजी रागावले की अजून कानडीत ओरडतात, "बंद माडो!" तरुणपणी ते आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला होते. त्यांचे मेस्त्री कानडी. नव्या पोराला ते पहिल्या दिवशी यंत्र बंद कसे करायचे एवढेच शिकवीत. चालू करणे पुढच्या आठवड्यात. 'बंद' हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत एकच, त्यामुळे दाजींना तो धडा समजायला वेळ लागला नाही.

पुढे अक्काशी लग्न झाले आणि काही वर्षांनी दोघे दाजींच्या गावी, मध्य प्रदेशातल्या सौंसरला गेले. तो मुलूखही आपल्यासारखाच सीमेवरचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले; नागपूर मुंबई राज्यात गेले, पण शेजारचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि शेतात संत्री नि कापूस. २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. दाजींचे घर सौंसरला आणि वर्कशॉप पांढुर्ण्याला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे वेल्डिंग, फवारणीच्या पंपांची दुरुस्ती अशी कामे तिथे चालतात.

घर एका गावी आणि वर्कशॉप दुसऱ्या गावी, त्यामुळे दाजींना रात्री एकच घोर असे. मेन स्विच पाडला की नाही? कॉम्प्रेसरचा पाइप कुठे गळत असला की टाकीतला दाब उतरतो आणि मोटर रात्री-अपरात्री आपोआप सुरू होते. अक्का सांगते, जेवताना हातातला घास तसाच ठेवून ते विचारात पडत. दोनदा तर मोटरसायकल काढून पांढुर्ण्याला जाऊन आले.

यावर भाच्याने उपाय काढला. सगळ्या सर्किटांसाठी त्याने एकच पेटी बसवली. दिवे, कॉम्प्रेसर, ग्राइंडर आणि कटर, वेल्डिंगचा सेट, प्रत्येकाला वेगळा रिले आणि सगळ्यांची बटणे मोबाईलवर. संध्याकाळी कुलूप लावून घरी यायचे आणि एका बोटाने सगळे बंद करायचे. मी दिवाळीच्या सुटीत गेलो होतो, मला फार कौतुक वाटले. दाजींची झोप परत आली म्हणून अक्काही खूश होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाजी पहिल्या बसने निघून गेले. आम्ही मामा-भाचे चहा घेत होतो. "बाबा पोचेपर्यंत टाकीत हवा भरून राहते," असे म्हणत भाच्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "मामाजी, आज तुमीच चालू करा." मी 'सगळे चालू' या बटणावर बोट टेकवले.

त्याच वेळी पांढुर्ण्यात दाजींच्या हाताखालचा मुलगा लवकर येऊन कटरची चकती बदलत होता. एरवी प्रत्येक यंत्र आपापल्या स्विचवर बंद होत असे. पण आता मोबाईलवर सगळेच बंद होते म्हटल्यावर स्विच पाडायची सवय मोडली होती. कटरचा स्विच आदल्या संध्याकाळपासून चालूच राहिलेला. चकती फिरली, पाना उडाला. बोटे वाचली, पण तळहाताला सहा टाके पडले.

दुपारी आम्ही त्याला भेटायला गेलो. मी काही बोलण्याआधी तोच म्हणाला, "साहेब, हात माझाच मधात होता." इतकी वर्षे मुलांना शिकवतो आहे, पण त्या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही. दाजींनी मला दोष दिला नाही. परतताना एवढेच म्हणाले, "ज्याले बटन दाबाचं हाय, त्याले मशीन दिसली पाहिजे."

भाच्याने त्याच आठवड्यात पेटी उघडली. पेटीतले रिले दिव्यांना ठीक. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते, तो त्यांना झेपणारा नव्हे. म्हणून त्याने मोटरींना कॉन्टॅक्टर बसवले आणि प्रत्येक यंत्राजवळ लाल-हिरवे बटण लावले. हिरवे बटण दाबले की कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि स्वतःच्याच एका संपर्काच्या आधाराने टिकून राहतो. वीज गेली की तो सुटतो आणि वीज आली तरी पुन्हा लागत नाही. मोबाईलचे काम आता फक्त हा आधार तोडण्याचे. बंद कुठूनही करा, चालू करायला मात्र यंत्राजवळच जावे लागते. चकती बदलायची असली की मोबाईलवर भरवसा नाही. मेन स्विच पाडून त्याला कुलूप आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात.

ही काही नवी अक्कल नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २४ व्या कलमात, प्रत्येक कामाच्या खोलीत अडचणीच्या वेळी वीज तोडण्याची सोय हवी, असे म्हटले होते. बंद केलेला स्विच चुकून चालू होत असेल तर त्याला कुलपाची व्यवस्था हवी, असेही त्यात होते. पण दोन-तीन माणसांच्या वर्कशॉपला तो कायदा लागू होत नसे. आपल्याकडच्या शेतपंपांचे ऑटोस्विच आठवा. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो, रात्रीची खेप वाचते. पण परिसरातले सारे पंप एकदमच सुरू झाल्याने रोहित्रावर ताण येतो, म्हणून महावितरणने ते काढून टाकण्याचे आवाहन वेळोवेळी केले आहे. आणि त्या क्षणी विहिरीत कोण उतरले आहे, हे त्या पेटीला कुठून कळणार?

अक्काचा परवा फोन आला होता. तो मुलगा आता कामावर रुळला आहे. सकाळी हिरवे बटण तोच दाबतो. दाबण्याआधी सगळीकडे नजर फिरवतो आणि मोठ्याने विचारतो, "चालू माडू?" कोणी हो म्हटल्याशिवाय बोट लावत नाही. हे कानडी त्याला दाजींनी शिकवले.