खसखस आणि हयातीचा दाखला

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत परदेशाचं अप्रूप कुणालाच नाही. आधी माणसं बोटीवर गेली. 1973 नंतर तेलाचे भाव चढले, तशी कुवेत, दुबई, सौदीला गेली. पण सगळ्यांचं एक ठरलेलं होतं. जवानी आखातात, म्हातारपण गावात. आता काही घरांत हे उलटं झालं आहे. जन्मभर गावात राहिलेले आईबाप साठीच्या आसपास मुलाकडे आखातात राहायला जातात. आमचे अब्बा आणि अम्मी त्यांपैकीच.

अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. भाईजान शारजात एका कंपनीचे हिशेब बघतात. ते म्हणाले, "इथं या. हवा कोरडी, गरम. अम्मीचे सांधे दुखणार नाहीत." आम्ही दोघं नवराबायको उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवतो. सकाळी सातला घर सोडतो. दिवसभर त्यांच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. आम्हीही हो म्हटलं आणि घराची किल्ली आमच्याकडे आली.

पहिली फजिती पाण्याची. जून महिना. अब्बांनी जोहरच्या वजूसाठी थंड पाण्याचा नळ सोडला आणि हात भाजून घेतला. तिथं गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापतात. म्हणून उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि त्याच्यात साठलेलं पाणी थंड म्हणून वापरतात. म्हणजे गरम पाण्याचा नळ थंड आणि थंड पाण्याचा गरम. अब्बा फोनवर म्हणाले, "इथले नळसुद्धा उर्दूसारखे उजवीकडून वाचावे लागतात."

आणि कोरडी हवा? समुद्रकाठी ती उन्हाळ्यात चांगलीच दमट असते. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. अब्बा लिफ्टमधून उतरून दारात उभे राहायचे आणि काच पुसेपर्यंत समोरच्या माणसाला नुसत्या आवाजावरून सलाम करायचे. मशिदीबाहेर काढलेल्या चपला नमाज होईपर्यंत तव्यासारख्या तापायच्या. आणि चोवीस तासांच्या एसीमुळे अम्मीचे सांधे गावापेक्षा जास्त आखडले.

दुसरी फजिती खसखशीची. अम्मीने जाताना घरचा मसाला नेला होता, त्यात खसखशीची पुडी. महिनाभर तिने त्यात कोंबडी शिजवली, नातवंडांनी बोटं चाटली. एके दिवशी भाईजानने डबा उघडला आणि त्यांना घाम फुटला. अमिरातीत खसखशीला बंदी आहे. अफूच्या झाडाचं बी, म्हणून ती अमली पदार्थांत धरतात. त्यांनी ती पुडी तिथल्या तिथे संडासात ओतली. अम्मी दोन दिवस रुसली. "चाळीस वर्षं मी तुम्हाला अफू खिलवली काय?" हा तिचा सवाल. त्यानंतर खोकल्याचं औषध पाठवायचं तरी आम्ही आधी विचारतो, कारण कोडीन असलेल्या औषधाला तिथं परवानगी लागते.

रमजानची गंमत वेगळी. आखातात बहुतेकदा आपल्यापेक्षा एक दिवस आधी चांद दिसतो. एका वर्षी जमिनीच्या कामासाठी दोघं अर्ध्या रमजानात गावी आले. इथं चांद तिसाचा झाला आणि त्यांचे रोजे एकतीस भरले. अब्बा म्हणाले, "मास्तरला जादा तास नवा नाही."

सगळ्यांत मोठी अडचण मात्र हयातीच्या दाखल्याची. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं कळवायचं असतं. 2014 पासून ते बोटांच्या ठशांवर करता येतं. अब्बांचे ठसे यंत्राला पटेनात. "खडूने झिजली बोटं," ते म्हणाले. त्यांनी वकिलातीमार्फत कागद पाठवला, तो इथल्या बँकेत कुठंतरी अडकला आणि पेन्शन थांबली. आम्ही खिडकीवर गेलो. साहेब म्हणाले, "ते हयात आहेत हे तुम्ही सांगून चालत नाही." आम्ही त्यांना तिथूनच फोन लावून दिला. अब्बांनी त्यांना स्वच्छ मराठीत नमस्कार केला. साहेब गडबडले, पण कागद आल्याशिवाय पैसे सुटले नाहीत. पुढच्या वर्षी चेहरा दाखवून मोबाईलवरच काम झालं.

या गोष्टी आम्ही शिक्षकांच्या खोलीत सांगतो आणि सगळे हसतात. पण एक गोष्ट आम्ही तिथं सांगत नाही.

तिथं आईबापांचा राहण्याचा परवाना एका वर्षाचा असतो. दर वर्षी नवा करायचा, सोबत विमाही. सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलं, तर तो सहसा बाद होतो. दुबईने 2020 साली निवृत्तांसाठी पाच वर्षांचा परवाना काढला. त्याला तेव्हा वय 55 च्या वर आणि महिना 20,000 दिरहम उत्पन्न, किंवा 10 लाखांची बचत, किंवा 20 लाख दिरहमची मालमत्ता लागायची. मास्तरची पेन्शन त्या दाराच्या पायरीलाही पुरत नाही. म्हणून अब्बांचा परवाना भाईजानच्या परवान्याला बांधलेला आणि भाईजानचा नोकरीला.

मागे भाईजानच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात त्यांचं नाव आलं. दीड महिना दुसरं काम मिळत नव्हतं. तेवढ्या दिवसांत अम्मीने तिथल्या कुंड्यांतली कोथिंबीर पुन्हा पेरली नाही. काम मिळालं तेव्हा आम्ही म्हटलं, "अब्बा, आता गावी या." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इथं नातवंडं आहेत, तिथं कब्रस्तान आहे. दोन्ही आपलेच. पण इथं रोज शाळेची बस येते आणि मी खाली उभा असतो." अम्मीने फोन घेतला आणि एवढंच विचारलं, "आले तर दुपारी घरी कोण असेल?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. सात ते दीड घर बंद असतं. शेजारच्या तीन घरांना वर्षभर कुलपं असतात. ज्यांच्या सोबतीसाठी म्हातारपणी गावात यायचं, तीच माणसं तिकडे गेली. आखाती देश त्यांना आपलं म्हणत नाहीत, आणि गावाला आपलं म्हणायला गावात माणूस उरलेला नाही. या दोन्हींच्या मध्ये आमचे आईबाप वर्षावर्षाच्या हप्त्याने म्हातारे होताहेत.

यंदा पावसाआधी आम्ही कौलं चाळून घेतली. अब्बांच्या खोलीसाठी एका नव्या मास्तरांनी भाडं विचारलं होतं. चांगला माणूस आहे, पण खोली दिली नाही. तीत अम्मीसाठी उंच पलंग टाकला आहे आणि दुपारी दोन तास थांबायला मोहल्ल्यातल्या एका बाईशी बोलणं चाललं आहे. तिने होकार दिला, की मगच आम्ही शारजाला पुन्हा विचारू.