उरणचे मीठ आणि एका शाळामास्तरांचे अर्थशास्त्र

१/ उरणच्या खाजणात भरतीचे पाणी अडवायचे, उन्हात आटवायचे आणि मीठ पिकवायचे, ही रीत फार जुनी. ‘आगर’ या शब्दाशीच आगरी समाजाचे नाव जोडले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र तेथील मिठाच्या राशीवर घाम आगऱ्याचा आणि पहारा सरकारचा होता. १८९० च्या मुंबई मीठ कायद्यानुसार कर भरल्यावाचून मीठ आगराबाहेर नेणे हा गुन्हा ठरे.

२/ हा कर १८८२ मध्ये मणाला २ रुपये होता. १८८८ मध्ये तो अडीच रुपये झाला. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. तेवढे मीठ पिकवण्यास मोजके आणे लागत. पाच माणसांच्या कुटुंबाने वर्षाला माणशी १० पौंड मीठ खाल्ले, तर त्यावरचा कर दीड रुपयाच्या घरात जाई. दिवसाला दोन-तीन आणे मिळवणाऱ्या मजुराची ती आठ ते बारा दिवसांची कमाई होय.

३/ कर वाढण्याचे एक मोठे कारण समुद्रापलीकडे होते. हिंदुस्थान सरकारला लंडनमध्ये व्याज, निवृत्तिवेतने व इतर खर्च पौंडांत भागवावे लागत. रुपया चांदीचा, चांदी जगभर स्वस्त होत होती. त्यामुळे तेवढ्याच पौंडांसाठी अधिक रुपये लागत, आणि ते रयतेकडून येत.

४/ १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. रुपयाची टंचाई होऊन त्याचा भाव चढला. १८९४-९५ च्या सुमारास १३ पेन्सांपर्यंत घसरलेला रुपया शतकाअखेरीस १६ पेन्सांवर स्थिरावला. आता हिशेब पाहावा: १०० पौंड धाडण्यास पूर्वी सुमारे १,८४६ रुपये लागत, आता १,५०० पुरेसे होते. सरकारचा खर्च हलका झाला. कर मात्र होते तेथेच राहिले.

५/ परिणामी तिजोरीत लागोपाठ कोट्यवधींची शिल्लक पडू लागली. हीच ती वर्षे, ज्यांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी दख्खन होरपळली आणि प्लेगने मुंबई-पुणे उजाड केले. शिलकीकडे बोट दाखवून देश सुस्थितीत असल्याचे सांगितले जाई.

६/ या युक्तिवादाची उलटतपासणी करणाऱ्यांत गणेश व्यंकटेश जोशी (१८५१-१९११) हे नाव अग्रणी आहे. पेशाने ते सरकारी शाळेतील शिक्षक. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी शेती, सरकारी खर्च, करभार यांवर आकडेवारीने भरलेले लेख लिहिले. सरकारी नोकर असल्याने स्वतःचे नाव न घालता. न्यायमूर्ती रानड्यांच्या वर्तुळातील हा अभ्यासक पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांचा आर्थिक सल्लागार झाला. १८९७ च्या वेल्बी आयोगापुढील साक्षीपासून अंदाजपत्रकावरील भाषणांपर्यंत गोखल्यांच्या तयारीमागे जोशींचे परिश्रम होते.

७/ २६ मार्च १९०२ रोजी पस्तीस वर्षांचे गोखले कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात उभे राहिले. अध्यक्षस्थानी कर्झन. गोखल्यांचा मुद्दा असा, की ही शिल्लक समृद्धीची खूण नव्हे. चलनाचा भाव कृत्रिमरीत्या चढवल्याने हाती आलेला आणि रयतेला परत न दिलेला तो जादा कर आहे. शिवाय रुपया महागल्याने धान्याला कमी रुपये मिळतात, पण सारा तेवढ्याच रुपयांत द्यावा लागतो. म्हणजे कराचा आकडा न हलताही ओझे वाढते.

८/ मिठाबाबत त्यांनी बाजाराचाच दाखला दिला. ब्रह्मदेशात कर मणाला १ रुपया, तेथे माणशी खप सुमारे १७ पौंड. हिंदुस्थानात कर अडीच रुपये आणि खप १० पौंडांहून कमी. इतक्या आवश्यक वस्तूचा खपही भावापुढे झुकतो, तेव्हा गरीब माणूस ताटातले मीठ कमी करून कर चुकवत असतो.

९/ १९०३ मध्ये कर २ रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये १ रुपया. खप वाढला, त्यामुळे कराच्या प्रमाणात उत्पन्न घटले नाही. याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण सरकारला आकडे लपवता येऊ नयेत अशी मांडणी त्या भाषणाने केली, हे निःसंशय.

१०/ धडा टिकला नाही. १९२३ मध्ये तूट भरून काढण्यासाठी कर पुन्हा अडीच रुपये झाला, तोही विधिमंडळाचा नकार डावलून व्हाइसरॉयच्या विशेषाधिकाराने. पुढल्याच वर्षी तो सव्वा रुपयावर आणावा लागला. १९३० मध्ये दांडीच्या किनाऱ्यावर हा प्रश्न हिशेबाच्या वहीतून रस्त्यावर आला, आणि १९४७ मध्ये कर रद्द झाला.

११/ दांडीयात्रा सर्वांच्या स्मरणात आहे, आणि ते योग्यच. परंतु त्याआधी तीसेक वर्षे एक मास्तर शाळा सुटल्यावर सरकारी अहवालांतील आकडे ताडून पाहत होता. तिजोरी भरली म्हणजे देश सुखी, या विधानापुढे त्याने विचारलेला ‘कोणाच्या ताटातून?’ हा प्रश्न आजही कोणतेही अंदाजपत्रक वाचताना उपयोगी पडतो.

(धागा समाप्त)