आबांची सळई

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून गाव गाढ झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि आमचं माळवद अंगावर आलं. मी नऊ वर्षांचा होतो.

उजाडताच माणसं कुदळी घेऊन धावली. शेजारच्या आबांनी त्यांना अडवलं. आबा खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलातले निवृत्त हवालदार; १९७१च्या युद्धात शकरगढकडे त्यांनी सुरुंग काढले होते. "कुदळी ठेवा खाली. गप ऱ्हावा सगळे," हे मला आतून ऐकू आलं.

एक सळई घेऊन आबा ढिगाऱ्यावर पालथे पडले. सळई उभी खुपसायची नाही, तिरकी सारायची. सुरुंगाच्या माथ्यावर भार पडला की तो फुटतो. कडेला टोक टेकलं तर हाताला कळतं. खाली मी होतो, म्हणून माझ्यासाठीही तीच रीत. वीतभर माती हातानं काढायची, थांबायचं, ऐकायचं. धोतर फाडून त्यांनी पट्ट्या अंथरल्या: पाय ठेवायचा तो याच वाटेनं. सॅपर सुरुंगांतून वाट मोकळी करतात, तेव्हा तिच्या कडेला अशीच पांढरी फीत लावतात.

दुपारी मी बाहेर आलो. आई आली नाही.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये आबा रामा राघोबा राणे यांची गोष्ट सांगत. कारवारजवळच्या चेंडियाचे राणे, बॉम्बे सॅपर्सचेच. एप्रिल १९४८ला काश्मीरच्या युद्धात नौशेरा-राजौरी रस्त्यावर पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांत त्यांचे दोन जवान गेले, पाच जखमी झाले. जखमींत ते स्वतःही. तरी रणगाड्याखाली सरपटत, चालकाला दोरीनं खुणा करत त्यांनी सुरुंगांतून वाट काढली. त्यांना परमवीर चक्र मिळालं. "रणगाडा मागनं येतो लेकरा, म्होरं सॅपर असतो. हात मातीत, बंदूक पाठीवर," आबा म्हणत.

अभियांत्रिकीला नांदेडला निघालो, तेव्हा निरोप घ्यायला गेलो. इतक्या वर्षांत जे विचारायचं धाडस झालं नव्हतं, ते विचारलं. त्या सकाळी आबांचंही घर पडलं होतं. आत आजी होत्या, नात होती. मग आधी आमच्याकडे का आलात?

आबा बराच वेळ हाताकडे बघत राहिले.

"तुझा आवाज येत होता," ते म्हणाले. "आमच्या घरातनं येत नव्हता."