फ्लॅश मारू का?

फिल्म कॅमेरे गळ्यात घालून फिरणाऱ्या मंडळींचा एक अलिखित नियम आहे. हातात रेंजफाइंडर असेल तर फ्लॅशचं नाव काढायचं नाही. खिडकीतला उजेड, इराण्याकडचा पिवळा दिवा, पावसात भिजलेला रस्ता, बस्स! ‘अव्हेलेबल लाइट’ हा त्यांचा मंत्र आणि हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हा त्यांचा देव. या देवाला फ्लॅश म्हणजे चक्क असभ्यपणा वाटायचा.

मला काही हे पटत नाही. एक तर आपली घरं बघा. संध्याकाळी सातनंतर हॉलमध्ये एक ट्यूबलाइट. त्यात 200 आयएसओचा रोल टाकून फोटो काढलात तर माणसं हिरवी येतात, वर हललेली. आणि दुसरं म्हणजे न्यूयॉर्कचा वीजी हा प्रेस फोटोग्राफर. अंतर दहा फूट, अॅपर्चर एफ 16, स्पीड 1/200 असं आधीच लावून ठेवायचा आणि बल्ब उडवायचा. त्याच शहरात पुढे ब्रूस गिल्डनने एका हातात लायका आणि दुसऱ्या हातात फ्लॅश घेऊन लोकांच्या अगदी तोंडाशी जाऊन फोटो काढले. असभ्य? असेल बुवा. पण फोटो बघून घ्या.

माझ्याकडे मामाने आखातातून आणलेला याशिका इलेक्ट्रो 35 जीएसएन आहे. 1973 चं मॉडेल, हातात घेतलं की चांगलंच जड लागतं. फ्लॅश मात्र त्याचा नव्हता, तो मी फोर्टातल्या बोरा बाजारात शोधला. दुकानदाराने सेल घातले, कूंऽऽ असा बारीक आवाज चढत गेला, मागचा केशरी दिवा लागला आणि मी पाकीट काढलं. (एक सूचना. जुन्या फ्लॅशमध्ये ट्रिगरचं व्होल्टेज कधी कधी दोनशेच्या वर असतं. जुन्या मेकॅनिकल कॅमेऱ्याला त्याचं काही वाटत नाही, पण तोच फ्लॅश हौसेने डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. कॅमेरा जाईल.)

आता यातला फंडा. याशिका, कॅनोनेट यांसारख्या कॅमेऱ्यांत शटर लेन्सच्या आतच असतं, पाकळ्यांचं. ते पूर्ण उघडतं आणि पूर्ण मिटतं, त्यामुळे रचनेनेच फ्लॅश कुठल्याही स्पीडला चालतो. लायका एम 3 मध्ये कापडी पडदा आहे. 1/50 च्या वर गेलात की पडद्याची नुसती फट सरकते आणि फोटोचा एक पट्टाच उजळतो. लाखमोलाच्या लायकापेक्षा इथे आमचा मामाचा कॅमेरा भारी! काही जुन्या कॅमेऱ्यांवर एक्स आणि एम अशी दोन अक्षरं दिसतात. एम हे जुन्या फ्लॅश-बल्बसाठी. बल्ब पेटायला क्षणभर लागायचा म्हणून शटर थोडं थांबून उघडायचं. आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तिथे लावलात तर उजेड पडून जातो आणि शटर मागाहून उघडतं. फ्रेम कोरी. तेव्हा एक्स.

आणि एक्सपोजर? त्याला फक्त एक भागाकार लागतो. फ्लॅशचा गाइड नंबर भागिले अंतर, म्हणजे अॅपर्चर. माझ्या फ्लॅशचा नंबर 100 आयएसओला 20, म्हणजे 200 च्या रोलला 28. माणूस अडीच मीटरवर असेल तर एफ 11. पाच मीटरवर असेल तर एफ 5.6, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. अंतर मोजायला टेप लागत नाही. व्ह्यूफाइंडरच्या मधल्या पिवळसर चौकोनात दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर बसवायच्या आणि लेन्सवरचा आकडा वाचायचा. समोरचा माणूस तुमच्यापासून किती लांब आहे हे कॅमेराच सांगतो.

याचा खरा उपयोग मला आजीमुळे कळला. आजी साताऱ्याला असते, वय 86. गेली दोन वर्षं तिचं विसरणं वाढलंय. मला कधी बाबांच्या नावाने हाक मारते, कधी नुसतीच बघत राहते. मोबाइलवर तिचे शेकडो फोटो आहेत आणि एकाही फोटोत ती नाही. म्हणजे आहे, पण आपला फोटो निघतोय हे तिला ठाऊकच नाही. तिच्या लेखी ती एक काळी पाटी, नातवाने तोंडासमोर धरलेली. त्यात तो नाइट मोड तिच्या सुरकुत्या पुसून टाकतो.

गौरीच्या संध्याकाळी मी याशिकावर फ्लॅश चढवला. माजघरात समई आणि एक बल्ब. कूंऽऽ आवाज सुरू झाला तशी आजीने मान वळवली. पदर सारखा केला, मंगळसूत्र वर घेतलं, पाठ ताठ केली आणि हात मांडीवर ठेवले. कुणी काही सांगितलं नव्हतं. आत्या कोपऱ्यात उभी होती, ती एकदम गप्प झाली.

अडीच मीटर. फ्लॅशवर पांढऱ्या रुमालाची एक घडी घातली, उजेड मऊ व्हावा म्हणून. त्यात साधारण एक स्टॉप जातो, म्हणून एफ 11 ऐवजी एफ 8. फ्लॅशच्या खुणेवर याशिका 1/30 ला चालतो, म्हणजे समईची ज्योतही फिल्मवर उतरते.

“फ्लॅश मारू का, आजी?”

“मार की. किती वेळ बसवतोस?”

एसएलआरमध्ये नेमक्या त्या क्षणी आरसा वर जातो आणि तुम्हाला अंधार दिसतो. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही. उजेड पडला तेव्हा मला ती अख्खी दिसली. नथ, कपाळावरच्या आठ्या, थेट माझ्याकडे लागलेले डोळे.

“परत काढ,” ती म्हणाली. “माझे डोळे मिटले असतील.”

“नाही मिटले, आजी. मी पाहिलं ना.”

“तरी काढ. ह्यांना पण बोलाव.”

आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली. केशरी दिवा परत लागायला दहा-बारा सेकंद लागतात. तेवढ्यात आत्या पुढे आली, आजीच्या शेजारी बसली आणि मी पुन्हा अंतर लावलं.