कुंभार्लीचा चढ

चिपळूणहून कऱ्हाडला जाणारा रस्ता अलोरे, पोफळी ही गावे मागे टाकून कुंभार्ली घाटाला लागतो आणि तेथून पुढे प्रत्येक मोटार आपले खरे वय सांगू लागते. सपाटीवर मुकाट चालणारी गाडी चढावर कण्हते, खोकते, कधी चक्क ओरडते. घाटात रोज वाहने हाकणाऱ्यांना ही भाषा येते. आम्हां मराठी शिकवणाऱ्यांना ध्वनिविचार पाठ असतो. पण बॉनेटखालचा ध्वनिविचार मला शिकवला तो यंदाच्या श्रावणात, पोफळीजवळच्या एका पत्र्याच्या छपराखाली.

बरोबर आत्या होती. तिचे वय सत्याहत्तर. माहेर कोयनेच्या खोऱ्यातले; धरण झाले आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत ते गाव शिवसागराच्या पाण्यात गेले. लग्न होऊन ती चिपळूणला आली. नवल असे की, त्या जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरते आणि तेथून वाशिष्ठीला मिळते. म्हणजे ज्या पाण्याने माहेर बुडवले, तेच आत्याच्या सासरच्या गावावरून वाहते. "एकदा वर जाऊन ते पाणी डोळे भरून बघायचंय," एवढेच तिचे मागणे होते.

पाऊस झिमझिमत होता, काचा बंद होत्या. चढ सुरू झाला आणि ॲक्सिलरेटर दाबला की पुढून 'फट् फट् फट्' असा आवाज येऊ लागला. पाय सैल केला की कमी, दाबला की पुन्हा दुप्पट. तेवढ्यात मागून आत्या म्हणाली, "बाळ, डोकं धरलंय रे. मळमळतंय."

घाटात असे कोणी म्हटले की आपण आवळासुपारी पुढे करतो. पण मला गाडी कधी लागत नाही आणि माझेही डोके जड झाले होते. मी काचा उघडल्या, आत्याला बाहेर मोकळ्या हवेत बसवले आणि ती सावरल्यावर, काचा उघड्याच ठेवून, उताराने हळूहळू पोफळीकडे परतलो.

मिस्त्री साठीचे होते. त्यांनी पान्याला हात लावला नाही. "सर, आधी गाडीचं ऐकून घेऊ." गाडी उभी, गिअर न्यूट्रल, मला रेस करायला सांगितले. आवाज आला. "म्हणजे चाकाचं दुखणं नाही. बेअरिंग गेलं असतं तर गाडी पळाल्याशिवाय घोंघावलं नसतं. वळणावर रेस देताना कट्कट् वाजतं, ते एक्सलचं." पट्टा किंचाळत असेल तर त्यावर थोडे पाणी शिंपडावे; क्षणभर गप्प झाला तर तोच चोर. पत्र्याची थरथर म्हणजे सायलेन्सरवरचे उष्णतारोधक कवच सुटलेले. क्लच सोडताना इंजिनच धक्का देऊन हलले तर त्याचे रबरी फाउंडेशन गेलेले. आणि वरच्या गिअरात चढ ओढताना इंजिन आतून टक्टक् करील, तर गिअर खाली टाकावा. निदानाची ही परंपरा मला एखाद्या वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखी वाटली.

मग ते बॉनेटवर वाकले. इंजिनातून जळका वायू जेथे बाहेर पडतो त्या मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीचा काळा फराटा होता. "पॅकिंग जळलंय, दोन नटही ढिले आहेत. रेस वाढली की धुराचा जोर वाढतो, म्हणून फटफट." आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "पंखा बाहेरची हवा आत ओढतो ना, तिच्यासोबत हा धूरही आत येतो. आवाजाला भिऊ नका, सर, धुराला भ्या."

या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःचा रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीर उपाशी राहते. पहिली खूण डोकेदुखी आणि मळमळ, म्हणजे हुबेहूब गाडी लागल्यासारखी. गाडीतल्या अनेकांचे डोके एकदम दुखू लागले आणि मोकळ्या हवेत बरे वाटले, तर मात्र सुपारी नव्हे, मिस्त्री शोधावा. आणि आधी डॉक्टर.

गावातल्या डॉक्टरांनी आत्याला तपासून विश्रांती घ्यायला सांगितले. इंजिन निवल्याखेरीज काम होणार नव्हते. पॅकिंग चिपळूणहून एस्.टी.ने आले. मिस्त्रींनी जुन्याचे तुकडे खरवडले, सांधा पुसला, नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एकच एकदम आवळला तर सांधा तिरका बसतो, म्हणाले. नंतर फिरून रेस दिली. इंजिन केवळ गुणगुणले.

तिसऱ्या प्रहरी आम्ही घाट चढलो. काचा मात्र दोन बोटे उघड्याच होत्या. हेळवाक मागे पडले आणि कोयनानगर आले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने हादरलेले हेच गाव. धरणाच्या भिंतीमागे करडे पाणी दूरवर पसरले होते. आत्याने पदर सावरला, हात जोडले आणि बोटाने पाण्यातली एक जागा दाखवली.

"तिथं आमची चिंच होती," ती म्हणाली.