तीन सेकंद

गेल्या नाताळच्या सुट्टीत मी लॅपटॉप घेऊन खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तो खास आजोबांसाठी. आजोबा तार खात्यातले. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्याच्या कितीतरी आधी ते निवृत्त झाले. पण मोर्स सुटलं नाही. त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला, व्हीयू२ ने सुरू होणारं चिन्ह मिळवलं आणि फणसाच्या झाडाला तार बांधून रोज रात्री जगाशी बोलत बसले. तीन वर्षांपूर्वी मात्र कान गेले, आणि रेडिओवर कापड पडलं.

मी म्हटलं, "आजोबा, आता ऐकायचं नाही, बघायचं."

माझ्या डोक्यात एफटी८ होतं. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी ते २०१७ मध्ये आणलं. टेलर म्हणजे जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. कानाला जाणवणारही नाही इतका क्षीण संदेश संगणक त्यात वाचून दाखवतो. अट एकच, घड्याळ. मिनिटाचे पंधरा-पंधरा सेकंदांचे चार भाग. एका भागात आपण १२.६४ सेकंद पाठवायचं, पुढच्या भागात समोरच्याचं घ्यायचं. घड्याळ दोनेक सेकंदांपेक्षा जास्त चुकलं की सगळं मुकं.

पहिल्या दिवशी पडद्यावर जपान, इंडोनेशिया, रशिया अशी चिन्हं भराभर उमटली. आजोबा चष्मा पुसून पुसून वाचत होते. परवाना त्यांचा, म्हणून बटण तेच दाबायचे. चौथ्या दिवशी मात्र पान कोरं. सिग्नलच्या पट्ट्या दिसत होत्या, पण अक्षर एक नाही. आमच्या हाकेलाही कुणी ओ देईना.

"तुमची तार खराब झालीय," मी ठामपणे सांगून टाकलं.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस मुकाट्याने शिडी लावून फणसावर चढला. तार सोडली, घासली, पुन्हा बांधली. उतरताना गुडघा खरचटला. पान कोरंच.

पाचव्या रात्री गुडघ्याला हळद लावता लावता ते म्हणाले, "पट्ट्या दिसतायत म्हणजे तार बरोबर आहे की रे. तू वेळ बघ. आम्ही तार घेताना आधी वेळ लिहायचो."

मी जुनी नोंद उघडली. तिच्यात डीटी नावाचा एक रकाना असतो. समोरच्याचं आणि आपलं घड्याळ यांतला फरक. पहिल्या दिवशी शून्याच्या आसपास, दुसऱ्या दिवशी उणे ०.८, तिसऱ्या दिवशी उणे १.७. आणि तेही सगळ्यांपुढे सारखंच! अख्खं जग एकाच मापाने कसं चुकेल? चुकत होतो मी.

लॅपटॉपचं घड्याळ स्फटिकाच्या कंपनांवर चालतं. लाखात एका भागाची चूक म्हणजे दिवसाला जवळजवळ ०.९ सेकंद. घरी इंटरनेट ती गुपचूप दुरुस्त करतं. गावात नेटवर्कच नाही, त्यामुळे ती साठत गेली. साऊंड कार्डाचा स्फटिक तर वेगळाच असतो. तोही चुकतो. मागे मी अवकाश स्थानकावरून रेडिओने आलेलं चित्र पकडलं होतं, ते त्याच कारणाने तिरपं निघालं. ओळीमागे ओळ किंचित सरकत गेलेली. तिथे चूक डोळ्यांना दिसली. इथे नुसती शांतता होती, आणि शांततेचा दोष मी दुसऱ्यावर टाकला.

इंटरनेट नाही, तर वेळ आणायची कुठून? आजोबांनी रेडिओ १० मेगाहर्ट्झवर लावायला सांगितला. तिथे चीनचं बीपीएम केंद्र सेकंदाचे ठोके देतं. मला ते बारीक ऐकू आले, त्यांना नाही. मग मी प्रत्येक ठोका त्यांच्या तळहातावर बोटाने वाजवू लागलो आणि ते मोजू लागले. मिनिटाचा ठोका लांब असतो. तिथून त्यांनी मोजणी धरली, आणि साठ भरताच म्हणाले, "आता!" मी एंटर दाबलं.

सकाळी १४.०७४ मेगाहर्ट्झवर एका जपानी स्टेशनाने आजोबांच्या चिन्हाला उत्तर दिलं. शेवटी ७३ आलं, म्हणजे शुभेच्छा. आजोबांनी स्वतःचं चिन्ह पडद्यावर बोट ठेवून वाचलं.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तार बरोबर होती."

त्या सुट्टीत माफी मागायची राहून गेली. हा अंक निघाला की हे पान मोठ्या अक्षरांत छापून गावी नेणार आहे. ऐकू येत नसलं, तरी ते वाचतात.