तरतूद आणि तरद्दुद

उर्दूत 'तरद्दुद' म्हणजे काळजी, घालमेल, करू की नको अशी मनाची अवस्था. हाच शब्द मराठीत येऊन 'तरतूद' झाला आणि त्याचा अर्थ पालटला: पुढच्या गरजेसाठी आधीच करून ठेवलेली सोय. मी दोन्ही भाषा शिकवते, म्हणून असे शब्द मुद्दाम फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. मुलांना गंमत वाटते. अंदाजपत्रकाच्या दिवसांत मात्र मला त्यात गंमत कमी आणि वस्तुस्थिती जास्त दिसते. कागदावर जी तरतूद असते, ती शाळेच्या दारात पोचेपर्यंत बहुतेक वेळा पुन्हा तरद्दुद झालेली असते.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण आहे. १५ जानेवारी २०२६ रोजी नागपूर महापालिकेसाठी मतदान झालं आणि ३८ प्रभागांतून १५१ नगरसेवक निवडून आले. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकले, निवडणुका लांबल्या आणि जवळपास चार वर्षं शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. म्हणजे अंदाजपत्रक मांडणारे आयुक्त आणि त्याला मंजुरी देणारे प्रशासक, दोन्ही एकच व्यक्ती. प्रशासक वाईटच असतो असं मी म्हणत नाही. पण सभागृहात उभं राहून 'आमच्या मोहल्ल्यातल्या शाळेचं काय?' असं विचारणारं त्या काळात कुणी नव्हतं.

शाळांच्या बाबतीत ही गोष्ट किती खोल जाते, हे फारसं बोललं गेलं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी आणि महापालिकेच्या शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य आई-बाप असावेत, निम्म्या सदस्य बाया असाव्यात आणि स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधीही असावा, असं कायदा सांगतो. जिथे निवडून आलेलं कुणीच नाही तिथे ती खुर्ची रिकामीच राहणार. समितीत उरतात शिलाई करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या बाया, ऑटो चालवणारे, फळांचा ठेला लावणारे बाप आणि मुख्याध्यापक. त्यांनी ठराव केला की नळ दुरुस्त करा, तर तो ठराव पुढे रेटायचा कुणी?

आता पैशाचं गणित पाहू. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी जे संयुक्त शाळा अनुदान मिळतं, ते पटावर ठरतं. ३० पर्यंत मुलं असतील तर १० हजार, ३१ ते १०० असतील तर २५ हजार, १०१ ते २५० असतील तर ५० हजार, त्यापुढे १००० पर्यंत ७५ हजार आणि त्याहून मोठ्या शाळेला १ लाख. यातूनच खडू, रजिस्टर, वीजबिल, पाण्याची टाकी, किरकोळ दुरुस्ती. यातलेच किमान १० टक्के स्वच्छतेवर.

समजा, एका शाळेत १०३ मुलं आहेत. तिला ५० हजार मिळू शकतात. त्यातली तीन मुलं जूनमध्ये 'कॉन्व्हेंट'मध्ये गेली. (आमच्या नागपुरात गल्लीतल्या कुठल्याही खासगी इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात.) पट झाला १००, अनुदान झालं २५ हजार, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आसपास. मुलं तीन कमी झाली म्हणून छप्पर काही लहान झालं नाही. खोल्या तेवढ्याच, पंखे तेवढेच, संडासं तेवढीच. पण पैसे अर्धे. पुढच्या वर्षी पंखा बंद, नळाला पाणी नाही, संडासाच्या दाराला कडी नाही. मग आणखी दहा घरं म्हणतात, या शाळेत ठेवून काय करायचं? आणि वरून शेरा येतो, 'पट घसरत आहे, पालकांचा ओढा नाही.'

पट घसरला म्हणून पैसा आटला, असं सगळे सांगतात. पैसा आटला म्हणूनही पट घसरतो, हे सांगणारा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही. माझं सगळं म्हणणं या एका रकान्यापुरतं आहे.

शिक्षकांचंही तेच. ३० सप्टेंबरच्या पटावर संच मान्यता होते, म्हणजे शाळेत किती शिक्षक राहतील ते ठरतं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीच्या वर्गांत २० पेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकाचं पदच मिळणार नाही असा निकष आला. शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट मात्र याच वर्गांसाठी वर्गामागे किमान एक शिक्षक मागतं, आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक. ५ डिसेंबर २०२५ रोजी राज्यभर शिक्षकांनी शाळा बंद ठेवल्या, तेव्हा टीईटीच्या सक्तीबरोबरच हा निर्णय रद्द करा अशीही मागणी होती. बातम्यांत टीईटीच जास्त गाजली.

पट मोजण्यातही एक गोम आहे. ती उर्दू शाळेतल्या माणसाला लवकर कळते. अलीकडे आधारशी नोंद जुळलेलीच मुलं संच मान्यतेत धरतात. आमच्याकडे दाखल-खारीज रजिस्टरात नाव उर्दूत, जन्मदाखल्यावर मराठीत, आधारवर इंग्रजीतही. 'मोहम्मद' एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर 'मो.', तिसऱ्यावर 'मोह.' शेख कुठे नावाच्या आधी, कुठे शेवटी. मुलीच्या नावातलं 'परवीन' किंवा 'बानो' कुणीतरी आडनावाच्या रकान्यात टाकलेलं. संगणक म्हणतो, जुळत नाही. मूल वर्गात बसलेलं असतं, धडा वाचत असतं आणि पटावर नसतं. दुरुस्तीसाठी बापाला एक दिवसाची मजुरी सोडून आधार केंद्राच्या रांगेत उभं राहावं लागतं. तो एक दिवस लांबणीवर टाकतो, तेवढ्यात ३० सप्टेंबर निघून जाते.

उर्दू शाळांची आणखी एक जुनी दुखणी आहे, बिंदुनामावली. आरक्षित पदांसाठी उर्दू माध्यमात शिकलेले, डीएड-बीएड झालेले त्या प्रवर्गातले उमेदवार मिळत नाहीत, त्यामुळे पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात. आरक्षणाला विरोध करण्याचा इथे प्रश्नच येत नाही. ते पद भरण्यासाठी नियमात वाट काढा, एवढंच मागणं आहे. ती वाट काढणं सरकारचं काम. पण तोपर्यंत मानधनावर शिक्षक देणं आणि त्यासाठी पैसे ठेवणं हे स्थानिक संस्थेला जमू शकतं. हा पुन्हा तरतुदीचाच प्रश्न.

मी एका अनुदानित उर्दू हायस्कुलात शिकवते. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, पण आमचं काम त्याआधीच सुरू होतं. मोमिनपुरा, टिमकी, हंसापुरीच्या गल्ल्यांत आम्ही घरोघरी फिरतो. अतिरिक्त ठरू नये म्हणून कुठे शिक्षक स्वतःच्या खिशातून मुलांच्या ऑटोचं भाडं भरतात, कुठे दप्तरं, कुठे चक्क सायकली देतात. हे सगळ्या विदर्भाला माहीत आहे. गेल्या जूनमध्ये एका घरात आई मला म्हणाली, "मॅडम, बच्ची को भेजने का दिल तो है, लेकिन रास्ता कौन पार कराएगा?" तिच्या गल्लीतली प्राथमिक शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली होती. नवी शाळा कागदावर एक किलोमीटरच्या आतच. पण मध्ये मोठा रस्ता, ट्रक आणि बस. तिच्या मुलाला तिने कर्ज काढून कॉन्व्हेंटमध्ये टाकलं होतं. मुलगी घरी होती, धाकट्या भावाला सांभाळत. विलीनीकरणाच्या हिशेबात वाचलेलं वीजबिल दिसतं, ही मुलगी दिसत नाही.

कुणी म्हणेल, हा उर्दूवाल्यांचा प्रश्न. तसं नाही. महापालिकेच्या मराठी शाळा याच वाटेने गेल्या आहेत, त्यांतल्या कितीतरी आज बंद आहेत. राज्यातही तेच. डिसेंबर २०१७ मध्ये कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, त्यांत डोंगरातल्या, वाड्यावस्त्यांवरच्या मराठी शाळाच जास्त होत्या. मराठी शाळा वाचवा म्हणणारे आणि उर्दू शाळा वाचवा म्हणणारे वेगवेगळ्या मांडवांत बसतात. तक्ता मात्र दोघांचा एकच आहे.

या शहराने असा प्रकार आधीही पाहिला आहे. १९३७ नंतर, नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना, रविशंकर शुक्लांनी विद्या मंदिर योजना आणली. गावोगाव शाळा काढायला प्रांताकडे पैसा नव्हता, म्हणून लोकांनी जमीन दान द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, अशी कल्पना. मुसलमानांनी 'मंदिर' या नावाला हरकत घेतली. बराच वाद झाला आणि शेवटी उर्दू शाळांसाठी 'मदीनतुल इल्म' हे नाव मान्य झालं. हरकत घेणाऱ्यांच्या भावनेला मी नावं ठेवत नाही. पण इतिहासात आज तो वादच उरलाय. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालते का, दुष्काळात मास्तरचा पगार कोण देणार, हे खरे प्रश्न नावाच्या भांडणाखाली दबले. आजही शाळेच्या नावावर, गाण्यावर, गणवेशावर आपण तावातावाने बोलतो. खर्चाच्या पानावर कुणी बोलत नाही.

राज्याचे निर्णय पाहिले तरी धरसोड दिसते. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य एक गणवेश' म्हणत कापड वरून आलं, शिलाई बचत गटांकडे गेली, कितीतरी मुलांचे कपडे महिनोन्‌महिने रखडले. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिले. जानेवारी २०२५ मध्ये पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा निधी थांबवला आणि सांगितलं, लोकसहभागातून करा. लोकसहभाग हा सुंदर शब्द आहे. पण ज्या वस्तीतली मुलं महापालिकेच्या शाळेत जातात, तिथले लोक सहभाग देतील कशातून? ज्याच्या घरी अंडं शिजत नाही, त्यालाच वर्गणी मागायची.

मग महापालिकेची शाळा लोकांना नकोच आहे का? २०२१ मध्ये नागपूर महापालिकेने आकांक्षा फाउंडेशनला बरोबर घेऊन सहा इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या. त्याच वस्त्यांतल्या पालकांनी तिथे मुलं घातली. तिथेही पाटी महापालिकेचीच होती. लोकांना ओसाड शाळा नको आहे, महापालिकेची शाळा चालते. शिक्षक असेल, पाणी असेल, कुणी लक्ष देत असेल तर उर्दू आणि मराठी शाळेतही मूल येईल. इंग्रजीची ओढ मला मान्य आहे. ती उर्दू शाळेतही चांगला इंग्रजीचा शिक्षक देऊन भागवता येते.

यावर उपाय नवा शोधायचा नाही. तो कायद्यातच आहे. कलम २२ सांगतं की शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा, आणि सरकारने किंवा स्थानिक संस्थेने योजना आणि अनुदान ठरवताना तो आराखडाच आधार मानायचा. म्हणजे पैसा शाळेच्या गरजेवर ठरावा, नुसत्या डोक्यांच्या मोजणीवर नाही. प्रत्यक्षात आराखडा बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीचा उतरवून, सह्या घेऊन फाइलला लागतो. समितीतल्या आयांना तो कधी वाचूनही दाखवला जात नाही. उर्दू शाळेत तर तो मराठीत असतो आणि सही करणारीला मराठी वाचता येत नाही.

आता एकेका प्रभागात चार-चार नगरसेवक आहेत. शेवटच्या प्रभागात तीन. त्यांना गाठून तीन गोष्टी विचारता येतात. माझ्या मोहल्ल्यातल्या शाळेसाठी या अंदाजपत्रकात नेमके किती रुपये आहेत? मागच्या वर्षी जे होते त्यातले खर्च किती झाले? आणि व्यवस्थापन समितीच्या बैठकीला तुम्ही कधी येणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'शिक्षण विभागासाठी इतके कोटी' असं आलं तर ते उत्तर नाही, हे आपण ओळखायला हवं.

आराखडा लिहायला मदत हवी असेल तर ती आम्हा शिक्षकांनी करायची. मी रविवारी एका शाळेच्या समितीतल्या सहा बायांबरोबर बसते. त्या उर्दूत सांगतात, मी मराठीत लिहिते, मग पुन्हा उर्दूत वाचून दाखवते. स्मार्ट बोर्ड कुणीच मागितला नाही. पहिल्या ओळीवर संडासाच्या दाराची कडी आहे. दुसऱ्या ओळीवर पाणी. तिसऱ्यावर गणिताचा शिक्षक. चौथ्यावर, सकाळी अर्धा तास आणि दुपारी अर्धा तास, रस्ता ओलांडून देणारा एक माणूस. या चौथ्या ओळीला महिन्याला किती लागतील ते त्यांनीच बोटांवर मोजून काढलं. तो आकडाही आम्ही समोर लिहिला आहे. मार्च संपायच्या आत तो कागद चारही नगरसेवकांना प्रत्यक्ष नेऊन द्यायचा आणि पोच घ्यायची, असं ठरलंय.